न्हायअप्पांचं ढिलं हेल्मेट

महांतप्पांच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द निघतो तो 'न्हाय'. समोरच्यानं काय विचारलंय ते त्यांना मागाहून कळतं. "अप्पा, चहा घेता का?" न्हाय. "अप्पा, नळाला पाणी आलं का?" न्हाय. पाणी आलेलं असतं, त्यांचीच बादली भरून वाहत असते, तरी न्हाय. नळदुर्गातल्या एका हायस्कुलात ते हेडक्लार्क आहेत, आणि एकोणतीस वर्षांत आपण एकही अर्ज पहिल्या फेरीत घेतला नाही याचा त्यांना अभिमान आहे. दाखला मागायला आलेल्या माणसानं खिडकीशी तोंड उघडायच्या आतच आतून न्हाय येतं, मग तो बिचारा दाखल्याचं सोडून किती वाजले ते विचारून परत जातो. गावानं त्यांचं नाव न्हायअप्पा ठेवलंय. हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांना विचारलं तर उत्तर काय येईल ते सांगायला नको.

अशा माणसाला आनंदी करायचं वरच्यांनी ठरवलं. वरचे म्हणजे कोण, हे शाळेत कुणी विचारत नाही. पत्र वरून येतं एवढंच ठाऊक असतं. या खेपेच्या पत्राचं नाव होतं 'सकारात्मक कर्मचारी पंधरवडा'. प्रत्येकानं एक आनंददायी उपक्रम निवडायचा, पंधरा दिवस तो करायचा, रोजचा एक फोटो चढवायचा आणि शेवटच्या दिवशी त्याच उपक्रमाचा सहकुटुंब फोटो. तयारीला महिनाभर मुदत होती. आनंदाची तयारी करायला तेवढा वेळ लागणारच.

महांतप्पांनी उपक्रमाच्या रकान्यात 'न्हाय' असं लिहिलं. संगणकानं लाल रंग दाखवला. मग त्यांनी कचेरीच्या भाषेत 'निरंक' लिहिलं. तेही नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदा आपला अर्ज कुणी तरी परत करतंय, हे बघून ते हादरलेच. यादीत चारच गोष्टी होत्या: योगासनं, गायन, बागकाम आणि मोटारसायकल सफर. योगासनांच्या आड पोट येत होतं. गायनाच्या आड शेजारी आले असते. बागकाम करावं, तर नळाला पाणी चार दिवसांआड. राहिली मोटारसायकल. त्यात निदान बसून राहायचं होतं.

"उत्तम निवड!" हेडमास्तर हरिबा सर म्हणाले. "अप्पा, मोटारसायकलनं मन प्रसन्न राहतं असं पुस्तिकेत दिलंय. वारा लागला की विचार उडून जातात म्हणे."

"माझे विचार जड आहेत, सर," महांतप्पा म्हणाले.

आता घरची गोष्ट सांगणं भाग आहे. मोटारसायकल होती, पण ती एकोणीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. एकोणीस वर्षांपूर्वी महांतप्पा आणि त्यांच्या पत्नी श्रीदेवी एका लग्नाहून परत येत होते. वाटेत एका पंपावर पेट्रोल घेतलं, श्रीदेवी उतरली, पाणी प्यायली. महांतप्पांनी किक मारली आणि आपल्याकडं कुठलाही नवरा विचारतो तसं मागं न बघता विचारलं, "बसलीस का?" हवा भरायच्या मशीनपाशी बाकड्यावर एक म्हातारा टेकला होता. त्याला वाटलं, आपलीच विचारपूस चाललीय. तो प्रेमानं म्हणाला, "बसलो की!" महांतप्पांनी क्लच सोडला. चौदा किलोमीटर ते मागच्या मोकळ्या सीटला आहेराच्या साड्या कशा भिकार होत्या ते सांगत आले. घरापुढं गाडी लावून म्हणाले, "उतर." कुणी उतरलं नाही. श्रीदेवी तासाभरानं कांद्याच्या टेम्पोतून, ड्रायव्हरशेजारी बसून, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत आली आणि म्हणाली, "आता या गाडीवर मी मरेस्तोवर बसणार न्हाय."

त्यानंतर ती बाजाराला चालत गेली, माहेरी बेंबळीला एसटीनं गेली, दवाखान्यात रिक्षानं गेली. महांतप्पांनी गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. या गोष्टीचं त्यांना वाईट वाटत होतं का? खूप वाटत होतं. पण ते कधी बोलले नाहीत. विषय निघाला की आधी 'न्हाय' निघायचं, आणि त्याच्यापुढं वाक्य जायचंच नाही. म्हणून त्या पत्रातली सहकुटुंब फोटोची अट त्यांनी दोनदा वाचली. वरून पत्र आलंय म्हटल्यावर तरी ती मागं बसेल, असं त्यांच्या मनात आलं. मनधरणी करायलाही माणसाला जावक क्रमांक लागतो, त्याला कोण काय करणार!

"फोटोपुरतं बस," त्यांनी विचारून पाहिलं.

"न्हाय," श्रीदेवी म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिनं दुसरं काही नाही तरी एवढं उचललं होतं.

गाडी काढली तर कागदांची मुदत संपलेली. कागद नवे करायला महांतप्पा आरटीओच्या खिडकीशी गेले. गाडीच्या पुस्तकात जिल्हा उस्मानाबाद होता, महांतप्पांच्या आधार कार्डावर धाराशिव. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "गाडी त्या जिल्ह्यातली, मालक ह्या जिल्ह्यातला. दोन्ही जिल्हे एकच आहेत याचा पुरावा आणा."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. महांतप्पा मात्र त्या माणसाकडं कौतुकानं बघतच राहिले. असला आक्षेप आपल्याला एकोणतीस वर्षांत एकदाही सुचला नाही, याची त्यांना मनापासून खंत वाटली. मग त्यांनी शंभर ओळींचं प्रतिज्ञापत्र केलं, की जिल्हा तोच आहे, मीही तोच आहे आणि गाडीही तीच आहे, कुणीही कुठंही हललेलं नाही. ते मंजूर झालं.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारी वीरप्पा, ज्यांचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान आहे, ते रोज कुंपणावर हात टेकून एक नवा सल्ला द्यायचे. "अप्पा, या वयात गाडी? मणका जाईल." दुसऱ्या दिवशी, "अप्पा, मणक्याचा पट्टा घ्या, माझ्या साडूकडं आहे." तिसऱ्या दिवशी, "पट्टा घेऊ नका, साडू त्यानंच आडवा पडलाय." महांतप्पा सगळ्याला न्हाय म्हणाले. मेकॅनिक सिद्धारामनं चार दिवस झटून गाडीत जीव आणला. सायलेन्सर तेवढा फुटका राहिला. "आवाज जरा मोठा यील," तो म्हणाला, "पण लोक बाजूला तर सरतील." आणि त्यानंच एक हेल्मेट दिलं. ते एका ट्रक ड्रायव्हरनं मागवलेलं आणि न नेलेलं होतं. ड्रायव्हरचं डोकं केवढं असावं, देव जाणे. महांतप्पांचं डोकं त्यात घातल्यावर चहूबाजूंनी दोन-दोन बोटं जागा उरली.

"ढिलं हाय का, अप्पा?"

"न्हाय," अप्पा म्हणाले. सवयच ती.

त्या एका 'न्हाय'नं पुढचं सगळं केलं. कारण असं, की त्या हेल्मेटात महांतप्पांना बाहेरचं अक्षर ऐकू येत नव्हतं. आणि न ऐकताही ते सवयीप्रमाणं मान डावी-उजवीकडं हलवत होते. पण मान आतल्या आत फिरायची, हेल्मेट जागचं हलायचं नाही. उलट आमच्याकडचे रस्ते असे, की दर दहा फुटांवर खड्डा आणि जिथं खड्डा नाही तिथं गतिरोधक. गाडी उडाली की हेल्मेट नाकापर्यंत खाली यायचं आणि परत वर जायचं. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसायचं, की न्हायअप्पा हसतमुखानं मान डोलावतायत. मुखही हसरं नव्हतं, हेल्मेटाच्या काचेवर ऊन पडत होतं.

पहिल्याच दिवशी वीरप्पा रस्त्यात आडवे येऊन काहीतरी बोलले. संध्याकाळी महांतप्पांच्या ओसरीत सिमेंटच्या चाळीस गोण्या होत्या.

"हे काय?"

"अप्पा, तुम्हीच तर व्हय म्हणलाव! गोडाऊन गळतंय म्हणलं, चार दिस ठेवू का म्हणलं, तर तुम्ही अशी मान डोलावलीत, मला भरूनच आलं बघा."

वीरप्पांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. आपल्याकडं बघून कुणाला भरून येण्याचा महांतप्पांना अनुभव नव्हता. गोण्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी नागूबाईची शेळी आली. नागूबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी, एक शेळी आणि तोंडाचा पट्टा एवढीच तिची इस्टेट. लेकीकडं जायचं म्हणून शेळी सांभाळायला तिनं विचारलं होतं आणि न्हायअप्पांनी म्हणे एका दमात व्हय म्हटलं. शेळीनं पहिल्या दिवशी कामासाठी घरी आणलेलं शाळेचं आवक-जावक रजिस्टर खाल्लं. आवक पूर्ण, जावक अर्धं. पाचव्या दिवशी हरिबा सरांनी विचारलं आणि महांतप्पा समारोपाचे सत्कारमूर्ती झाले. 'मोटारसायकल आणि माझी सकारात्मकता' या विषयावर त्यांनी दहा मिनिटं बोलायचं ठरलं.

गाव चक्रावलं. न्हायअप्पा बदलले! मोटारसायकलनं माणूस सकारात्मक होतो, हे पुस्तिकेत छापलेलं खरं निघालं. ते खरंच आहे म्हणा. फक्त रस्ता खराब पाहिजे आणि हेल्मेट ढिलं. लोक आता महांतप्पांना बघून हात करायला लागले. चहावाला न विचारता चहा द्यायला लागला. आणि गंमत अशी, की खुद्द महांतप्पांनाही बरं वाटायला लागलं. ऐकू काही येत नाही, समोरचा माणूस तोंडभर हसतोय, म्हणजे तो आपल्याविषयी चांगलंच बोलत असणार, असं त्यांना वाटायचं. आठव्या दिवशी किल्ल्याच्या बाजूनं जाताना आपण हेल्मेटात गुणगुणतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एकटेच लाजले.

घरी मात्र श्रीदेवी ओसरीतल्या गोण्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जात होती, शेळीच्या लेंड्या काढत होती, आणि नवरा जगाला व्हय म्हणत हिंडतोय हे बघत होती. तिचं कुठं काय चुकलं ते मला सांगा. तीस वर्षं ती ज्या शब्दाची वाट बघत होती तो शब्द वीरप्पाला मिळाला, नागूबाईला मिळाला, हेडमास्तरला मिळाला. तिला मिळाली शेळी. राग फार झाला की ती माहेरच्या कानडीत शिरायची आणि ती कानडीत शिरली की महांतप्पा घराबाहेर निघायचे. तेराव्या दिवशी ती पिशवी भरून स्टँडजवळच्या चौकात उभी राहिली. महांतप्पांची गाडी फटफटत आली. तिनं हात करून काहीतरी विचारलं. ती बाजाराला निघालीय, असं महांतप्पांना वाटलं. तिथं एकापुढं एक असे दोन गतिरोधक आहेत. गाडी दोनदा उडाली.

घरी आले तर चूल थंड आणि दाराला कडी. शेळी न्यायला आलेली नागूबाई पायरीवर बसलेली.

"अप्पा, काय वो केलाव हे! बाईमाणूस चार लोकांत इचारतंय, मी गेले तर चालंल का तुम्हाला, आन तुमी मान डोलावलाव? एकदा न्हाय, दोनदा! म्या बाजूलाच हुते. लेकीकडनं यिऊन गाडीतनं उतरले आन हेच बघितलं. लई वाईट वाटलं बघा. गेली ती बेंबळीला भावाकडं."

"मी न्हाय म्हणालो!" महांतप्पा ओरडले. "मी काहीही असलं तरी न्हायच म्हणतो! सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"म्या माझ्या डोळ्यानं बघितलं न्हवं," नागूबाई म्हणाली आणि रागारागानं शेळी न नेताच गेली.

महांतप्पा हेल्मेट घालून आरशापुढं उभे राहिले. जोरात मान हलवली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. आरशातलं हेल्मेट गप्प उभं होतं. मग त्यांनी जागच्या जागी एक उडी मारली. हेल्मेटानं अदबीनं होकार दिला. महांतप्पा मटकन सिमेंटच्या गोणीवर बसले. गोण्या कशा आल्या, शेळी कशी आली, सत्कार कसा ठरला, सगळं त्यांना एका झटक्यात कळलं. पण त्यातलं काही त्यांना टोचलं नाही. मी गेले तर चालेल का, असं तिला विचारावंसं वाटलं, हे टोचलं.

चौदावा दिवस त्यांनी फोन लावण्यात घालवला. श्रीदेवीनं उचलला नाही. मेहुण्यानं, विरेशनं, उचलला आणि म्हणाला, "दाजी, अक्का म्हणतीया, तुम्हीच व्हय म्हणलाव." घर खायला उठलं होतं. महांतप्पांनी भाकरी थापून बघितली, ती शेळीनंही खाल्ली नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला सत्कार होता. साडेदहाला महांतप्पा गाडी घेऊन निघाले. शाळेच्या फाटकात हरिबा सर हार घेऊन उभे होते. त्यांनी हाक मारून विचारलं, "अप्पा, येताय ना?" फाटकापुढं खड्डा होता. हेल्मेट म्हणालं, येतो. महांतप्पा सरळ बेंबळीच्या रस्त्याला लागले. मागं सभागृहात अध्यक्ष, पाहुणे आणि तीनशे मुलं सकारात्मकतेची वाट बघत बसली.

बेंबळीत विरेशच्या अंगणात श्रीदेवी सुपात तूर पाखडत होती. विरेश ओट्याच्या पायरीवर उभा राहून मिशा पिळत होता. महांतप्पांनी गाडी लावली आणि बोलायला सुरुवात केली. हेल्मेट काढायचं विसरले होते, त्यामुळं ते काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. मग ते जोरजोरात मान हलवायला लागले. श्रीदेवीला दिसलं एवढंच, की नवरा हेल्मेट घालून अंगणात ताठ उभा आहे.

"साकु!" ती कानडीत म्हणाली. पुरे. महांतप्पांना आता पळायलाही जागा नव्हती. "ते डोक्यावरचं काढा आधी."

त्यांनी काढलं. मग हातांनी हेल्मेट धरून, आत मान फिरवून, जागच्या जागी उड्या मारून त्यांनी सगळं दाखवलं. छप्पन्न वर्षांचा हेडक्लार्क बायकोच्या माहेरी भर अंगणात उड्या मारतोय हे बघायला कुंपणावर चार डोकी जमली. विरेशनं तोंडावर आपली दस्ती, मोठा रुमाल, धरली. श्रीदेवी मात्र हसली नाही.

"हेल्मेटाचं कळलं," ती म्हणाली. "तुमचं सांगा. आता डोकं उघडंय, खड्डाबी न्हाय इथं. मी इथंच राहिले तर चालंल का तुम्हाला?"

"न्हाय!"

हे न्हाय एवढं मोठं निघालं, की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आणि त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं न्हाय, ज्याच्या पुढं वाक्य आलं. "न्हाय चालणार. अजिबात न्हाय. तुझ्याशिवाय मला करमत न्हाय. त्या दिवशी पंपावर मी बघायला पाहिजे होतं. चुकलं माझं. एकोणीस वर्षं म्हणायचं होतं."

श्रीदेवीनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले, आणि भावाच्या हातातली दस्ती ओढून घेतली. तिची घडी करून तिनं हेल्मेटात कोंबली, हेल्मेट नवऱ्याच्या डोक्यावर बसवलं आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. "आता न्हाय म्हणा बघू." महांतप्पांनी मान हलवली. हेल्मेट स्वच्छ डावीकडं गेलं, उजवीकडं आलं.

"हां," ती म्हणाली. "आता कळतंय." आणि पिशवी आणायला आत गेली.

महांतप्पांनी गाडी अंगणाच्या तोंडाशी लावली, किक मारली. सायलेन्सर फटफटायला लागला. मागं पैंजणं वाजल्यासारखं वाटलं, पाठीला पिशवी टेकल्याचा धक्काही बसला. काच वर करून, समोर रस्त्याकडं बघत त्यांनी विचारलं, "बसलीस का?"

विरेश नुकताच पायरीवर टेकला होता. तो म्हणाला, "बसलो की, दाजी!"

क्लचवरची बोटं सुटायलाच आली होती. पण सुटली नाहीत. महांतप्पांनी गाडी बंद केली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि पूर्ण अंग वळवून मागं पाहिलं.

सीटवर पिशवी होती. श्रीदेवी मुद्दामच चार हात लांब, कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि त्यांच्याकडंच बघत होती. आता ती हसली. पिशवी उचलून मांडीवर घेत ती बसली, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला आता," ती म्हणाली. "शेळी उपाशी असल."

महांतप्पांनी हेल्मेट घातलं, किक मारली आणि तरी परत एकदा विचारलं, "बसलीस का?"

"व्हय म्हणलं की वो!"